महिन्याला चारशे किलोमीटर धावणारी गाडी: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

वाशिष्ठी
नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या चौघांच्या कुटुंबासाठी चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यायची आहे. वापर मुख्यतः शाळा, मंडई, दवाखाना, म्हणजे एका वेळी तीन-चार किलोमीटर. महिन्याला फार तर चारशे. शिवाय गणपतीत आणि मे महिन्यात कुंभार्ली घाटातून चिपळूण. गाडी दहा वर्षं तरी ठेवायची आहे. ऑन-रोड साडेतेरा लाखांच्या वर जायचं नाही.

शोरूममध्ये डिझेलचा आग्रह चालला आहे: मायलेज जास्त, घाटात ताकद जास्त, विकताना भाव चांगला. घरातली वडीलधारी मंडळीही तेच म्हणतात. पैशांचा हिशेब आणि यंत्राची बाजू, दोन्हींवर जाणकारांनी लिहावं. सीएनजी चालेल, पण डिकी रिकामी हवी.

हिशेबनीस
आधी पैशांचं बघू. वडीलधाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या काळात बरोबरच होतं. २०१२ च्या आसपास लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, म्हणजे डिझेल पेट्रोलपेक्षा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी स्वस्त. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ती दरी बुजत गेली. आता फरक तेरा रुपयांच्या आसपास.

तुमच्या वापराचं गणित असं. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ धरू. शहरात पेट्रोल गाडी लिटरला १२ देते, डिझेल १६. किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ८.६७ रुपये, डिझेलचा ५.६९. बचत २.९८ रुपये.

आता जादा किंमत. पेट्रोल मॉडेल १० लाख एक्स-शोरूम धरलं तर त्याच दर्जाचं डिझेल साधारण सव्वाअकरा लाखांना पडतं. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर आहे. डिझेलला तिथे १३, आणि दहा ते वीस लाखांत १४ टक्के. म्हणजे डिझेलवाला दोनदा मार खातो: इंधनामुळे दर वाढतो आणि किमतीमुळे वरच्या टप्प्यात जातो. १,१०,००० विरुद्ध १,५७,५००. किमतीतला सव्वा लाख, करातले साडेसत्तेचाळीस हजार आणि थोडा जादा विमा मिळून पावणेदोन लाख धरा.

१,७५,००० भागिले २.९८ म्हणजे सुमारे ५८,७०० किलोमीटर. महिन्याला चारशेच्या वेगाने बारा वर्षं. डिझेलच्या सर्व्हिसिंगचे वर्षाला अडीच हजार जादा धरले तर जवळजवळ पंधरा.

आणि हे व्याज न धरता. तेच पावणेदोन लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले तर वर्षाला ११,३७५ रुपये मिळतात. डिझेलची निव्वळ वार्षिक बचत ११,८०० च्या आसपास येते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणाऱ्याचे पैसे साडेतीन वर्षांत वसूल होतात, त्याच्यासाठी डिझेल योग्यच आहे. तुमच्यासाठी नाही.

जुना_फिटर
हिशेबनीस यांनी डिझेलला शहरात १६ धरलं, तेही मोठ्या मनाने. तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापतच नाही, त्यामुळे तो आकडा खाली येतो. पण पैशांपेक्षा मोठी अडचण सायलेन्सरच्या वाटेवर बसलेली आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक निकष, लागू झाले. तेव्हापासून प्रत्येक डिझेल कारमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. सिरॅमिकचं बारीक जाळीदार नळकांडं. काजळी त्यात साठते आणि ठरावीक प्रमाणात साठली की जाळून टाकावी लागते. हायवेवर एक्झॉस्ट चांगला तापलेला असला की हे बऱ्याच अंशी आपोआप होत राहतं. शहरात होत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, स्वतः पुढाकार घेतो: ज्वलन संपत आल्यावर सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडतो, ते एक्झॉस्टमध्ये पेटतं आणि फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतो. याला रीजनरेशन म्हणतात. वापराप्रमाणे तीनशे-पाचशे किलोमीटरला एकदा ते लागतं आणि पुरं व्हायला दहा ते वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते, इंजिन तापलेलं असताना.

आता तुमची फेरी घ्या. कोथरूडहून मंडईला निघालात. इंजिन तापेपर्यंत अलका टॉकीजचा चौक येतो. रीजनरेशन सुरू होतं न होतं तोच मंडई आली, गाडी बंद. अर्धवट राहिलं. परत येताना पुन्हा थंडपासून सुरुवात. दर अर्धवट प्रयत्नात जे जादा डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून घसरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर ‘छान, ऑइल खात नाही’ असं समजू नका. ती धोक्याची खूण आहे. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. अशा ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं चक्र) झिजतात.

जोडीला ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप. अर्धगार इंजिनात काजळी जास्त होते, ती ईजीआरमध्ये आणि इनटेकच्या नळीत ऑइलच्या वाफेबरोबर चिकटते. पिकअप मरतो, धक्के बसतात.

काही मॉडेलांत वर डीईएफची टाकीही असते, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणारं ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ते उन्हात वर्षभर पडून राहिलं की खराब होतं. डीईएफ संपत आल्याची सूचना दुर्लक्षित केली तर काउंटर शून्यावर आल्यावर गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

घाटमाथा
वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, पण एक दुरुस्ती सुचवतो. ‘महिन्याला किती किलोमीटर’ हा प्रश्न अर्धाच आहे. एका फेरीत किती, हे आधी विचारा.

समजा कोणी रोज बसने ऑफिसला जातो आणि गाडी महिन्यातून दोनदा पुणे-कोल्हापूर काढतो. महिना नऊशे-साडेनऊशे किलोमीटर, सगळे हायवेचे. डीपीएफच्या दृष्टीने ही गाडी अगदी निरोगी राहील. उलट रोज दहा-बारा वेळा दोन-दोन किलोमीटर करणारी डिझेल महिन्याला सातशे धावूनही आजारी पडेल. सांगली-कराडकडे बऱ्याच डिझेल गाड्या आठवड्यातून एकदाच निघतात, पण निघतात त्या शंभर किलोमीटरसाठी. त्यांना काहीच त्रास नाही.

माझी कसोटी: इंजिन पूर्ण तापल्यावर अर्धा तास सलग साठच्या वर धावेल अशी फेरी आठवड्यातून एकदा आपोआप, मुद्दाम न काढता होते का? होत असेल तर डिझेलचा विचार करा आणि मग हिशेबनीस यांचं गणित लावा. होत नसेल तर गणितापर्यंत जाऊच नका.

वाशिष्ठी
आपोआप होणार नाही. पण पंधरा दिवसांतून एकदा मुद्दाम बायपासवर नेली तर? आणि डीपीएफचा दिवा लागलाच तर नेमकं काय करायचं?

जुना_फिटर
नेता येते. चांदणी चौकातून बायपासने खेड-शिवापूरपर्यंत जाऊन परत, पन्नास किलोमीटर धरा. सहावा गिअर टाकून १४०० आरपीएमवर रेंगाळू नका, चौथ्यात-पाचव्यात २००० ते २५०० आरपीएम ठेवा. नवले पुलाच्या उतारावर मात्र गाडी गिअरमध्ये आणि वेग मर्यादेत, तिथे डीपीएफचा विचारही नको. एका खेपेला सुमारे अडीचशे रुपयांचं डिझेल जातं. महिन्याला दोन खेपा म्हणजे पाचशे. तुमची डिझेलची महिन्याची बचत बाराशेच्या आत आहे, त्यातली चाळीस टक्के इथेच गेली. वर दर पंधरवड्याला एक तास.

रीजनरेशन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका: उभ्या गाडीत आरपीएम नेहमीच्या ८०० ऐवजी हजाराच्या आसपास, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय) काम करत नाही, तात्काळ मायलेजचा आकडा एकदम पडतो, गरम धातूचा वास येतो, पंखा मोठ्याने फिरतो. अशा वेळी पार्किंगमध्ये पोचला असाल तरी गाडी बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा.

दिवा लागला तर:

पिवळा आणि स्थिर असेल, तर शक्य तितक्या लवकर वर सांगितल्यासारखी सलग चालवा. बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत विझतो. टाकीत इंधन रिझर्व्हवर असेल तर आधी भरा, बऱ्याच गाड्यांत इंधन कमी असताना रीजनरेशन सुरूच होत नाही.

दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत चेक-इंजिनही लागला, गाडीची ताकद कमी झाली, तर दामटू नका. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीवर रीजनरेशन करतात. त्यानंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घ्याच, कारण ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं असतं. बरेच जण हे पैसे वाचवतात आणि टर्बोला मुकतात.

त्यानंतरही वारंवार भरत असेल तर कारण फिल्टर नसतं, वरच्या बाजूचं काहीतरी असतं: टपकणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, प्रेशर सेन्सरची चिरलेली रबरी नळी किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिल्याने न तापणारं इंजिन. हे न शोधता नवा डीपीएफ टाकला तर तोही भरतो. नव्याची किंमत बऱ्याच गाड्यांत लाखाच्या आसपास जाते आणि वापरामुळे भरलेला फिल्टर वॉरंटीत मिळेल याची खात्री नसते. घेण्याआधी मॅन्युअलमधला तो परिच्छेद वाचा.

ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. ऑइलमधल्या मिश्रद्रव्यांची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती काही केल्या जळत नाही. डीपीएफ कापून आतला भाग काढून देणारे लोक भेटतील. तसं करू नका. बेकायदेशीर तर आहेच, आणि ती काजळी शाळेसमोर उभ्या असलेल्या पोरांच्या छातीत जाते.

मीनल_का
सीएनजीबद्दल थोडक्यात. डिकी रिकामी हवी असेल तर दोन लहान टाक्या खाली बसवलेली टाटाची मॉडेलं किंवा अंडरबॉडी, म्हणजे गाडीच्या पोटाखाली टाकी असलेली मॉडेलं बघा, पण स्टेपनी कुठे गेली तेही विचारा. बऱ्याच सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि थोडं तापल्यावर गॅसवर जातात, त्यामुळे तीन किलोमीटरच्या फेरीतला बराच भाग पेट्रोलवरच निघतो. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, नाहीतर पंपावर गॅस मिळत नाही. महिन्याला चारशे किलोमीटरच्या वापरात सीएनजी मॉडेलचे जादा नव्वद हजार वसूल व्हायलाही वर्षं लागतील.

तुमच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घेता येत असेल तर इलेक्ट्रिक हा खरा पर्याय आहे. छोट्या फेऱ्यांचा तिला काडीचाही त्रास नाही आणि महाराष्ट्रात रस्ता करही माफ आहे. सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, बुकिंग नंतर.

वाशिष्ठी
सोसायटीत पॉइंटचा विषय अजून रेंगाळलेला आहे, त्यामुळे इलेक्ट्रिक सध्या बाजूला. म्हणजे पेट्रोल. पण टर्बो की साधं? घाटात चौघं आणि सामान घेऊन साधं १.२ लिटर दमणार नाही ना?

टॉर्करेंच
तुमच्या वापराला साधं, म्हणजे टर्बो नसलेलं आणि पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आधी हवेच्या वाटेतच, इंधन सोडणारं इंजिन. व्हेन्यूमधलं १.२, ब्रेझामधलं १.५, याच जातीची इंजिनं. कारणं:

छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनांत बऱ्याचदा इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडतात. मग इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, ते धुतले जात नाहीत आणि छोट्या फेऱ्यांत त्यावर कार्बन चढतो. थंड इंजिनात ऑइलमध्ये पेट्रोल उतरण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. टर्बोला ऑइल वेळेवर बदललेलं लागतं, तापल्या तापल्या बंद केलेलं चालत नाही. साध्या इंजिनाला हे लाड लागत नाहीत.

घाटाचं म्हणाल तर आकडे सांगतो. साधं १.२ सुमारे ११४ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं, तेही ४००० आरपीएमला. एक लिटर टर्बो १७२ न्यूटन-मीटर १५०० पासून देतं. १.५ डिझेल २५०. फरक खरा आहे, नाकारू नये. पण कुंभार्ली वर्षातून दोनदा. चढावर दुसरा गिअर, ३५०० आरपीएम, एसीचा पंखा एकवर. इंजिन ओरडेल, त्याला ओरडू द्या, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. चूक होते ती तिसऱ्यात १५०० आरपीएमवर रेटण्यात: खडखड येते, ताकद मिळत नाही, क्लच जळतो. उतरतानाही दुसराच, ब्रेकवर पाय दाबून धरू नका. चौघं, सामान आणि घाट यांचीच काळजी वाटत असेल तर १.२ ऐवजी १.५ घ्या, सुमारे १३७ न्यूटन-मीटर मिळतं. फक्त त्याचं इंजिन १२०० सीसीच्या वर जात असल्याने जीएसटीच्या छोट्या गाडीच्या टप्प्यात ते बसत नाही, किंमत त्यामुळे चढते. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलसाठी १२०० सीसी आणि चार मीटर, या दोन्हींच्या आत असेल तरच १८ टक्के आहे, नाहीतर ४०.

पेट्रोललाही छोट्या फेऱ्या फुकट मानवत नाहीत. ऑइल फिलरचं झाकण उघडल्यावर आत पिवळट साय दिसली तर ती ऑइलमध्ये मिसळलेली पाण्याची वाफ असते. पावसाळ्यात थोडी दिसली तर एका लांब फेरीत जाते. पण कूलंट कमी होत असताना दिसली तर हेड गॅस्केट तपासा. ऑइल दहा हजार किलोमीटरची वाट न बघता दर वर्षी बदला. तुमचे वर्षाला पाचच हजार होतील, तरीही.

हिशेबनीस
रीसेलबद्दल राहिलं होतं. डिझेलला भाव मिळतो हे खरं, पण तो धावणाऱ्या ग्राहकाकडून मिळतो आणि तुम्ही मुळात पावणेदोन लाख जास्त मोजलेले असतात. दहा वर्षांनी त्यातले चाळीस-पन्नास हजार परत आले तरी वरचं गणित पालटत नाही. डिझेल गाडी दहा वर्षांनी रस्त्यावरून काढायच्या दिल्लीच्या नियमाची भीती काही जण घालतील. तो एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे निर्णयात तो मोजू नका.

आंबोली
विषय निघालाच आहे तर: तीन-चार वर्षांची, पंधरा-वीस हजार किलोमीटर धावलेली बीएस-६ डिझेल जुन्या बाजारात चांगल्या किमतीत दिसतात. घ्यावी का?

जुना_फिटर
कमी धावलेली डिझेल म्हणजे चांगली गाडी, हा समज बीएस-६ नंतर उलटा झाला आहे. ती का कमी धावली ते विचारा. बघायला जाल तेव्हा:

इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर तिथेच थांबा.

सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. धड डीपीएफ असलेल्या गाडीचं तोंड जवळजवळ स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलेला आहे किंवा काढलेला.

स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण, शेवटचं पुरं झालेलं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं आणि पुसलेले फॉल्ट कोड बघून घ्या. मालक स्कॅनर लावू देत नसेल तर गाडी सोडा.

सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइल वेळेआधी बदलल्याच्या नोंदी असतील तर मालक जाणकार होता किंवा गाडी आजारी होती. दोन्हींतलं काय ते बिलावरच्या शेऱ्यावरून कळतं.

मीनल_का
वाशिष्ठी, पेट्रोल घेतल्यावर उभ्या गाडीचीही काळजी सांगून ठेवते, कारण कमी वापरात सगळ्यात आधी बॅटरी जाते. बंद गाडीही अलार्म आणि ईसीयूसाठी ३० मिलिअँपिअरच्या आसपास वीज खाते. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तीन आठवड्यांत पंधरा जातात, म्हणजे जवळजवळ निम्मी. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने ती भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचून गंज लागतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा किंवा ३-४ अँपिअरचा स्वयंचलित चार्जर घेऊन ठेवा.

पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे आणि इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवेला जागा कमी राहते. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे ठेवू नका, ब्रेकचे लायनर चिकटतात. सपाट जागी पहिला गिअर आणि चाकाला लाकडी ठोकळा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी धावली नसली तरी.

वाशिष्ठी
सगळ्यांचे मनापासून आभार. साधं १.२ पेट्रोल मॅन्युअल आणि १.५ पेट्रोल, अशा दोन टेस्ट ड्राइव्ह शनिवारी ठरवल्या आहेत. घरच्यांना हिशेबनीस यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, डिझेलचा विषय मिटला. डिलिव्हरीच्या वेळी, यार्डात बराच काळ उभी असलेली गाडी गळ्यात पडू नये म्हणून काय बघू?

टॉर्करेंच
टेस्ट ड्राइव्हला चौघंही बसा, एसी लावा, आणि चांदणी चौकाच्या चढाला नेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बघा. रिकाम्या गाडीत एकट्याने चालवून काही कळत नाही.

डिलिव्हरीआधी, पूर्ण पैसे भरण्यापूर्वी गाडी यार्डात जाऊन बघायची. चासी नंबरात उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांकेतिक अक्षरांत असतं, त्याचा अर्थ डीलरकडून लेखी घ्या. चार महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा किंवा सूट मागा. टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. बॅटरीवर मल्टिमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर नवी मागा, चार्ज करून देतो म्हणाले तरी. डिस्कवर वरवरचा गंज दोन ब्रेकमध्ये जातो, खड्डे पडलेले असतील तर नाही. बॉनेट उघडून वायरिंगवर उंदराच्या दातांच्या खुणा शोधा, यार्डातल्या गाड्यांना हा त्रास सर्रास होतो. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा, ओडोमीटरचा फोटो काढा. रजिस्ट्रेशन झाल्यावर यातलं काहीही बदलून मिळणं अवघड जातं, म्हणून हे सगळं नंबर पडण्याआधी.